पुन्हा वसलेलं भूज : शहर तेच की दुसरं?



या व्याख्यानमालेत आपण एक पद्धत ठेवली आहे. तत्त्वज्ञानातला एखादा जुना प्रश्न घ्यायचा, त्याला पुस्तकातून बाहेर काढायचं आणि एखाद्या खऱ्याखुऱ्या ठिकाणी नेऊन तो तिथे काही कामाचा आहे का ते बघायचं. आजचा प्रश्न ओळखीचा आहे. एखाद्या वस्तूचे सगळे भाग बदलले, तरी ती वस्तू तीच राहते का? आणि आजचं ठिकाण आहे कच्छमधलं भूज शहर.

भूजच का? कारण तिथे हा प्रश्न कुणी वर्गात बसून गंमत म्हणून विचारला नव्हता. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर तिथल्या हजारो कुटुंबांना, अधिकाऱ्यांना, नकाशे काढणाऱ्यांना त्याचं उत्तर द्यावंच लागलं. आपण जे पुन्हा बांधणार आहोत, ते भूजच असेल का? आणि असेल, तर ते कोणाचं भूज असेल? हा दुसरा प्रश्न लक्षात ठेवा. आज आपल्याला शेवटी तिथेच पोचायचं आहे.

आधीचं शहर

आधी जुन्या भूजमध्ये थोडं फिरू. सोळाव्या शतकापासून हे कच्छच्या जाडेजा राजांचं राजधानीचं गाव. इथल्या राजाला 'राव' म्हणायचे. गावाला तटबंदी, तटाला पाच मोठे दरवाजे आणि सहावी एक लहान वाट. तिचं नावच 'छठी बारी', म्हणजे सहावी खिडकी. तटालगत हमीरसर तलाव. पाऊस चांगला झाला आणि हमीरसर भरून वाहिला की कच्छी माणसाला सणासारखा आनंद होतो. कोरड्या मुलखात पाण्याचं मोल वेगळंच असतं.

आत दरबारगढ. तिथे अठराव्या शतकातला आईना महाल. तो रामसिंह मालम नावाच्या कारागिराने बांधला. युरोपात राहून तो काचकाम आणि इतर कला शिकून आला होता. शेजारी एकोणिसाव्या शतकातला प्राग महाल, उंच घड्याळाच्या मनोऱ्याचा. त्याचा आराखडा कर्नल विल्किन्सचा. मुंबईचं जुनं सचिवालय ज्याने उभं केलं, तोच हा विल्किन्स.

पण आपल्याला महालांपेक्षा गल्ल्यांत जास्त रस आहे. तटाच्या आतली वस्ती दाट. नागरांची आळी वेगळी, सोनारांची वेगळी, वाण्यांची वेगळी. एका मोठ्या दरवाजातून आत गेलं की सामाईक अंगण आणि भोवती चार-सहा घरं, बऱ्याचदा एकाच भावकीची. पुण्यातल्या पेठांतले वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. गल्ल्या अरुंद, वळणाच्या, काही मध्येच बंद होणाऱ्या. उन्हाळ्यात सावली, आणि दारात बसलं की गल्लीतल्या प्रत्येकाशी बोलणं. अनोळखी माणूस आत शिरला तर दहा पावलांत कुणीतरी विचारणारच: कोणाकडे आलात?

त्या सकाळी

सकाळचे 8 वाजून 46 मिनिटं. प्रजासत्ताक दिन. 7.7 तीव्रतेचा धक्का, केंद्र भूजच्या पूर्वेला भचाऊच्या बाजूला. मृतांचा सरकारी आकडा 13,800 च्या आसपास. काही अंदाज 20,000 पर्यंत जातात. भूजमधलं मुख्य रुग्णालय कोसळलं, आणि जखमींवर ज्युबिली मैदानावर उघड्यावर उपचार करावे लागले. अंजारमध्ये शाळेतली मुलं झेंडावंदनाच्या फेरीला निघाली होती. ती एका अरुंद गल्लीत असताना दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली.

गल्ली अरुंद होती, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवू.

इथे आपल्या विषयातल्या एका जुन्या वादाची आठवण होते. 1 नोव्हेंबर 1755 ला पोर्तुगालमधलं लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झालं. व्होल्तेअरने त्यावर कविता लिहिली. प्रश्न असा की एवढं दुःख असलेल्या जगाला चांगलं जग कसं म्हणायचं? रूसोने त्याला 1756 मध्ये एक लांबलचक पत्र पाठवलं. त्यातला मुद्दा साधा होता. सहा-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी निसर्गाने बांधली नव्हती. माणसं पांगून, बुटक्या घरांत राहत असती, तर नुकसान फार कमी झालं असतं.

रूसोचं म्हणणं कच्छमध्ये अक्षरशः तपासून बघता येतं. भूजच्या उत्तरेला बन्नीच्या गवताळ प्रदेशात 'भुंगा' नावाची गोल घरं असतात. गोल भिंत, वर हलकं शंकूच्या आकाराचं गवताचं छप्पर. गोल भिंतीला कोपरे नसतात, आणि धक्क्यात भिंती फाटतात त्या बहुतेक कोपऱ्यांत. वरचं ओझंही हलकं. त्यामुळे चांगले बांधलेले भुंगे मोठ्या संख्येने टिकले. उलट अडीच-तीनशे किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-लोखंडाच्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कित्येकींचा तळमजला गाड्या ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता, म्हणजे वर भार आणि खाली नुसते खांब. धक्का तोच, मरण मात्र बांधकामाप्रमाणे वाटलं गेलं.

म्हणजे 'नैसर्गिक आपत्ती' या शब्दातला अर्धाच भाग निसर्गाचा असतो. जमीन हलते ते निसर्गाचं. घर पडतं त्यात आपला हात असतो. पुनर्बांधणी हासुद्धा सगळा आपलाच कारभार. तिथे दोष द्यायला निसर्ग नसतो.

तोच दिवा का?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. थीसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. फळ्या कुजल्या तशा एकेक बदलल्या, शेवटी एकही मूळ फळी उरली नाही. जहाज तेच का? आपल्याकडे 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाचं उदाहरण देतात. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. 'रथ' हे नाव सगळे भाग एका विशिष्ट रीतीने जुळून आले की आपण देतो. त्याच ग्रंथात दिव्याचंही उदाहरण आहे. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. एका ज्योतीतून पुढची पेटत जाते, एवढं खरं.

ॲरिस्टॉटलने तर थेट शहराबद्दलच हा प्रश्न विचारला. 'राजनीती' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो म्हणतो, शहर तेच आहे असं कधी म्हणायचं? भिंतीमुळे? मग साऱ्या पेलोपोनीसभोवती भिंत घाला, ते एक शहर होईल का? त्याचं उत्तर असं की शहराचं तेच-पण त्याच्या व्यवस्थेत असतं. लोकांचे एकमेकांशी, सत्तेशी जे संबंध ठरलेले असतात, त्यांत असतं. तेच गायक एकदा सुखान्तिकेत गातील, एकदा शोकान्तिकेत. माणसं तीच, पण गायकवृंद दोन.

भूजला यांतलं कोणतं उत्तर लागू करायचं? दगड-विटा म्हणजे शहर नव्हे, हे सगळ्यांना लगेच पटतं. ते सोपं आहे. अवघड पुढे आहे. संबंध म्हणजे शहर असं म्हटलं, तर कोणते संबंध? घरमालक आणि सरकार यांच्यातला कागदावरचा संबंध? की दारात बसून गल्लीवर लक्ष ठेवणाऱ्या आजीबाईंचा त्या गल्लीशी असलेला संबंध? पहिल्याची नोंद सिटी सर्व्हेच्या कार्यालयात असते. दुसऱ्याची कुठेच नसते.

जागा सोडायची का?

भूकंपानंतर पहिला प्रश्न आला तो जागेचा. ढिगारा उपसून तिथेच बांधायचं, की शहर उचलून दुसरीकडे न्यायचं?

इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जनानंतरची रात्र, माणसं गाढ झोपेत. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकूड-मातीचं जड माळवद. ते सगळं झोपलेल्यांवर आलं. त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवण्यात आली. घरं मजबूत झाली, यात शंका नाही. पण कितीतरी नवी गावं जुन्या गावाच्या कितीतरी पट जागेवर पसरली. चौकोनी आखणी, सरळ रुंद रस्ते, घरं एकमेकांपासून लांब. शेत लांब, गोठ्याला जागा नाही, पार नाही, शेजार विखुरलेला. घर मिळालं, गाव जुळायला मात्र फार वर्षं लागली.

गुजरातमध्ये पुनर्वसनाचा विचार सुरू झाला तेव्हा हा अनुभव ताजा होता. फेब्रुवारी 2001 मध्ये गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झालं. गावं हलवण्याची कल्पना सुरुवातीला पुढे आली, पण बहुतेक लोकांनी ती नाकारली. मग भर दिला गेला तो मालकाने स्वतः बांधायच्या घरांवर: नुकसानाप्रमाणे जी-1 ते जी-5 अशी वर्गवारी, पैसे हप्त्याहप्त्याने, आणि मधल्या टप्प्यावर अभियंत्यांची तपासणी. आपल्याकडे म्हणतात ना, घर पाहावं बांधून. ज्याने ते बांधून पाहिलं त्याला आपल्या घरातली सळई कुठे वाकवली आहे हे कळतं. पुढच्या भूकंपाला ते ज्ञान उपयोगी पडतं.

शहराचं काम याहून किचकट. पण निर्णय झाला तो तटाच्या आतलं भूज त्याच जागी ठेवायचं असाच. ज्यांना परत जायचं नव्हतं किंवा जाणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी शहराबाहेर चार नव्या वसाहती आखल्या. लोकांच्या बोलण्यात त्यांची नावं रावलवाडी, मुंद्रा रोड, आरटीओ, जीआयडीसी अशीच आली. नावांकडे लक्ष द्या. सोनारवाडा, नागरवाडा ही नावं माणसांवरून पडली होती. नव्या वसाहतींची बहुतेक नावं जवळच्या कार्यालयावरून आणि रस्त्यावरून पडली.

गल्लीचा पेच

आता त्या नोंदवून ठेवलेल्या अरुंद गल्लीकडे परत येऊ. भूकंपात तिने दोन प्रकारे माणसं मारली. घरातून पळालेल्यांना उभं राहायला मोकळी जागा नव्हती, दोन्हीकडच्या भिंती अंगावर आल्या. आणि जे ढिगाऱ्याखाली जिवंत होते, त्यांच्यापर्यंत यंत्रं पोचायला रस्ता नव्हता.

पण त्याच गल्लीने शेकडो वर्षं माणसं जगवलीही होती. शेजारच्या घरात कोण झोपतं, कुठल्या खोलीत झोपतं, हे शेजाऱ्यालाच माहीत असतं. भूकंपानंतरच्या पहिल्या तासांत जगात सगळीकडे बहुतेक माणसं बाहेर काढतात ते शेजारीच. लष्कर आणि यंत्रं नंतर येतात. म्हणजे ज्या जवळिकेमुळे माणूस वाचतो, तीच जवळीक दगडमातीत बांधली की मारते.

हा खरा नैतिक पेच आहे, आणि तो टाळता येत नाही. रस्ता रुंद करायचा म्हणजे कुणाचं तरी घर मागे सारायचं, कुणाला तरी गल्लीबाहेर काढायचं. रुंद नाही केला, तर पुढच्या वेळी तेच मरण. 'जुनं जसंच्या तसं हवं' म्हणणारे आणि 'सगळं नवं करा' म्हणणारे, दोघंही या पेचाची एकच बाजू बघतात.

भूजमध्ये उत्तर शोधलं गेलं ते नगररचना योजनेच्या मार्गाने. ही पद्धत आपल्या ओळखीची असायला हवी. तिचं मूळ 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. ती अशी चालते. एका भागातले सगळे भूखंड कागदावर एकत्र धरायचे. प्रत्येकाच्या जमिनीतून थोडा हिस्सा काढून घ्यायचा. त्या हिश्श्यांतून रस्ते, मोकळ्या जागा, सार्वजनिक सोयी काढायच्या. उरलेली जमीन पुन्हा आखून, शक्यतो त्याच्या मूळ जागेजवळ, ज्याची त्याला परत द्यायची. एकाचं सगळं घर रस्त्यात जाण्याऐवजी सगळ्यांचं थोडं थोडं जातं.

तटातल्या शहराचे आठ भाग करून अशा योजना केल्या गेल्या. त्यातलं एक तत्त्व विशेष आहे. कपात सरसकट नव्हती. ज्याचा भूखंड अगदी लहान, त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही. जसजसा भूखंड मोठा, तसतसा कपातीचा हिस्सा मोठा. एरवी अशा योजना वर्षानुवर्षं रेंगाळतात. इथे माणसं पत्र्याच्या निवाऱ्यात वाट बघत होती, हरकती-सूचना मागवल्या जात होत्या, वाद होत होते, आणि तरी दोनेक वर्षांत नवे भूखंड लोकांच्या हातात पडू लागले. जुन्या शहरात घरांच्या उंचीवर मर्यादा आली. शहराभोवती रिंगरोड आले. कोसळलेल्या रुग्णालयाच्या जागी नवं रुग्णालय उभं राहिलं; त्याची इमारत पायाशी रबर आणि शिशाच्या आधारांवर ठेवलेली आहे, म्हणजे जमीन हलली तरी इमारतीपर्यंत धक्का कमी पोचावा.

न्यायाच्या दृष्टीने ही चांगली कामगिरी आहे, असं आम्हाला वाटतं. लहानाला सोडून मोठ्याकडून जास्त घेणं हे बोलायला सोपं, कागदावर उतरवायला फार अवघड.

पण दोन वर्षं हा काळही मोजायला हवा. नागसेनांचा दिवा आठवा. ज्योत एका क्षणातून पुढच्या क्षणात जायला हवी. योजना ठरेपर्यंत तटाच्या आत बांधायला परवानगी नव्हती. तेवढ्या काळात मुलांच्या शाळा बदलल्या, दुकानाचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं, मोठा भाऊ मुंबईला गेला, धाकटा रावलवाडीला. भूखंड हातात आला तेव्हा कितीजणांचं आयुष्य आधीच दुसरीकडे रुजलेलं होतं. चांगल्या योजनेलाही वेळ लागतो, आणि त्या वेळाची किंमत ज्याच्याजवळ साठवण कमी तो जास्त मोजतो.

कागदात नसलेली माणसं

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

नगररचना योजना कोणाला ओळखते? भूखंडाच्या मालकाला. तिचं सगळं गणित 'किती जमीन होती, किती परत मिळाली' या दोन रकान्यांवर चालतं. पण जुन्या भूजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबं होती. भाडं अगदी नाममात्र, भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण, आणि मालकालाही त्यांना काढता येत नसे. मुंबईतल्या पागडीच्या चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा भाडेकरूचा आजा त्याच खोलीत जन्मलेला असतो. गल्लीच्या दृष्टीने तो तिथलाच. कागदाच्या दृष्टीने तो पाहुणा.

घर उभं होतं तोवर या दोन दृष्टींमध्ये फारसं भांडण नव्हतं. भाडेकरूचा हक्क भिंतीला धरून होता. भिंत पडली आणि हक्क अधांतरी राहिला. भरपाईची मुख्य रचना मालकीवर उभी होती. नवा भूखंड मालकाला मिळाला. त्यावर जुन्या भाडेकरूला पुन्हा घ्यायचं की नाही, ही बहुतांशी मालकाची मर्जी. नाममात्र भाड्यासाठी कोण घेईल? तात्पुरत्या निवाऱ्यांत जे सगळ्यांत मागे राहिले, वर्षानुवर्षं राहिले, त्यांत भाडेकरू मोठ्या संख्येने होते. पुढे स्वयंसेवी संस्था आणि सरकार यांनी काहींसाठी घरांची सोय केली, पण ती शहराच्या कडेला.

मालकाचीही बाजू आहे, ती सोडून चालणार नाही. महिना काही रुपये भाड्यावर त्याची मालमत्ता दशकानुदशकं अडकली होती. त्याचंही घर पडलं होतं, कदाचित माणसंही गेली होती. त्याला दुष्ट ठरवून प्रश्न सुटत नाही. चूक एका माणसाची असती तर बरं झालं असतं. इथे रचनाच अशी होती की जो प्रश्न कायद्याने भाडे गोठवून पन्नास वर्षं पुढे ढकलला, तो भूकंपाने एका सकाळी निकालात काढला, आणि निकाल दुबळ्याच्या विरुद्ध गेला.

आता ॲरिस्टॉटलचा निकष लावा. शहर म्हणजे माणसांचे ठरलेले संबंध. भूज तेच राहिलं का? मालकासाठी बरंचसं तेच राहिलं. भूखंड थोडा लहान झाला, रस्ता रुंद झाला. भाडेकरूसाठी ते संपलं. म्हणजे 'शहर तेच आहे का?' हा प्रश्नच अपुरा होता. 'कोणासाठी तेच?' असं विचारलं की एका शहराची दोन उत्तरं मिळतात. थीसियसच्या जहाजात फळ्या बोलत नाहीत. शहरात बोलतात.

आठवण कोण ठेवतं

आज तुम्ही भूजला गेलात तर गजबजलेलं, वाढलेलं शहर दिसेल. 2001 मध्येच केंद्राने कच्छमधल्या नव्या उद्योगांना करसवलत दिली, कारखाने आले, बाहेरून माणसं आली. प्राग महालाचा मनोरा दुरुस्त झाला. शहराजवळच्या भुजिया डोंगरावर सुमारे 470 एकरांत 'स्मृतिवन' उभं राहिलं. त्याचं उद्घाटन 28 ऑगस्ट 2022 ला झालं. तिथे मृतांची नावं कोरलेली आहेत.

भूकंप आणि उद्घाटन यांत 21 वर्षं गेली. एडवर्ड सिम्प्सन या मानववंशशास्त्रज्ञाने कच्छच्या पुनर्वसनावर मोठा ग्रंथ लिहिला आहे, 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपत्तीनंतर आठवण आणि विसर दोन्ही कसे घडवले जातात, हा त्याच्या अभ्यासाचा एक धागा. आणि विसर पडतोच. 1819 मध्ये कच्छमध्ये असाच प्रचंड भूकंप झाला होता. जमीन उचलली जाऊन रणात लांबच लांब उंचवटा तयार झाला. लोकांनी त्याला 'अल्लाहबंद' म्हटलं. चार्ल्स लायेलने भूगर्भशास्त्राच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचं वर्णन केलं. म्हणजे इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याला ते पुस्तकात वाचायला मिळत होतं, आणि इकडे त्याच गल्ल्यांत मजल्यावर मजले चढत होते. 1956 मध्ये अंजारला भूकंप झाला, तरी 2001 मध्ये अंजारची गल्ली तेवढीच अरुंद होती.

दगडावरची नावं मेलेल्यांची आठवण ठेवतात. ती ठेवलीच पाहिजे. पण जिवंत असून ज्यांचं शहर गेलं, त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरणार? त्यांची आठवण नियमांतच ठेवावी लागते. रस्त्याची रुंदी ही एक आठवण आहे. तुळईतली सळई ही एक आठवण आहे. भाडेकरूचा हक्क भिंतीबरोबर पडणार नाही असा कायदा, हीसुद्धा आठवणच.

आपल्याकडे बघताना

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1971 च्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर 'अज्ञानाचा पडदा' आहे असं समजा. आपण श्रीमंत असू की गरीब, मालक की भाडेकरू, कुणालाच माहीत नाही. मग जे नियम ठरतील ते न्याय्य. टीका होते की हा पडदा कल्पनेतला, खऱ्या आयुष्यात तो कुठे असतो?

भूकंपाच्या बाबतीत तो थोडाफार खरोखरच असतो, आपत्तीच्या आधी. पुण्याच्या पेठेत, वाईच्या घाटाजवळ, कोल्हापुरात, मुंबईच्या गिरगावात आज कोणाची इमारत पडणार हे कुणालाच माहीत नाही. पडदा अर्धवट आहे हे मान्य. मालक कोण आणि भाडेकरू कोण हे आजही माहीत आहे. पण उद्या कोण बेघर होणार हे माहीत नाही, आणि तेवढं न्यायाने बोलायला पुरतं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी पडदा उठतो. मग प्रत्येकाला आपला भूखंड दिसतो, आणि जो तो आपल्या भूखंडाच्या बाजूने बोलतो.

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, किल्लारी 1993 चं. आपल्याकडे जमीन हलतच नाही असं म्हणायची सोय नाही. मुंबईत उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला जागा देण्याची तरतूद कायद्यात आहे, ही चांगली गोष्ट. पण ती एकेका इमारतीसाठी आहे, आणि संक्रमण शिबिरांत आयुष्य काढलेली कुटुंबंही त्याच मुंबईत आहेत. एका सकाळी अख्खी पेठ पडली तर?

म्हणून तीन प्रश्न तुमच्या हाती देतो. आपल्या गल्लीत कोण कुठे राहतं, मालक आणि भाडेकरू दोघंही, याची नोंद इमारतीबाहेर कुठे सुरक्षित आहे का? रस्ता रुंद करावाच लागला तर कोणाकडून किती घ्यायचं, हे आधी ठरलं आहे का? आणि बांधकाम थांबलेल्या काळात माणसांना शक्यतो एकमेकांजवळ ठेवायची काही योजना आहे का? तुमच्या नगरसेवकाला, सोसायटीच्या सभेत, वाड्याच्या मालकाला हे विचारा. आज विचारलं तर भांडण होईल, पण छोटं होईल.

'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण ऐकून आहोत. भूजमध्ये राव होऊन गेले, महाल बांधून गेले. पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा कामाला आली ती साधी माणसं, त्यांची चिकाटी आणि एक बऱ्यापैकी न्याय्य नियम. जिथे नियम कमी पडला, तिथे माणसं शहराबाहेर राहिली. 'शहर तेच की दुसरं?' याचं उत्तर आम्हाला दिसतं ते एवढंच: आधी जे तिथे राहत होते, त्यांतल्या जितक्यांना परत येता आलं, तितकंच ते शहर तेच राहिलं.

आज इथे थांबू. प्रश्न आहेत, ते पुढच्या बैठकीत घेऊ.